लोखंडापलीकडचा उजेड

न दिसणारं द्रव्य शोधायला आता प्रयोगशाळांत भिंतीवर प्रखर प्रकाश सोडतात आणि पलीकडे काही उमटतं का ते पाहतात, असं परवा वाचलं, आणि वऱ्हाडातल्या मालेगावचं हायस्कूल आठवलं. सत्तरच्या दशकात मी तिथे विज्ञान शिकवत होतो. विश्वात दिसतं त्याहून न दिसणारंच जास्त असावं, असं एका मासिकात वाचून मीही एक खटाटोप मांडला होता. जाड लोखंडी प्लेटसमोर मोठा दिवा. प्लेटमागे पत्र्याच्या बंद डब्यात फोटोचा कागद. आठवड्याने कागद धुतला, तर एका कडेला करडा डाग!

प्रयोगशाळेची चावी परिचरांकडे असे. जवळच्याच रिठद गावच्या बौद्ध कुटुंबातले, माझ्याहून वयाने मोठे, कमी बोलणारे.

"त्यायनंच उघडला असंल डबा," एक सहशिक्षक म्हणाले. मला ते लगेच पटलं. इतक्या लगेच का पटलं, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी झाकणावर गुपचूप डिंकाने एक केस चिकटवला. केस जागच्या जागी राहिला, डाग मात्र पुन्हा आला. तरी वाटलं, यांनी केस काढून परत लावला असणार. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी परिचर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सर, मले सिद्धं इचारा ना. केस कायले चिपकवता?"

त्यांनी डबा मागून घेतला, खिडक्या लावल्या, पेटती बॅटरी आत ठेवून झाकण दाबलं. अंधारात डब्याच्या कोपऱ्यावर, पत्रा डाख देऊन सांधलेल्या जागी, सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला.

"उजेड इथून घुसून राह्यला, सर. मी नाई घुसलो."

ते भोक आम्ही लाखेने बुजवलं. पुढचा कागद कोरा निघाला. लोखंडातून काहीच पार झालं नव्हतं.

तो कागद धुतला त्याच दुपारी मी हेडमास्तरांसमोर, सगळ्या शिक्षकांच्या देखत, माझी चूक कबूल केली. परिचर "राहू द्या" एवढंच म्हणाले. पुढे दोन वर्षं आम्ही बरोबर काम केलं. बोलणं अदबीचंच असे. पण कुठलंही कपाट उघडायचं झालं, की ते आधी बाहेर जाऊन कुणाला तरी बोलावून आणत आणि त्याच्यासमोरच कुलूप काढत.