बिरिमाकाचं मागणं

आमच्या बेटावर माडावर चढलेला माणूस गातो. गावंच लागतं. खाली बायका आंघोळ करत असतात, कुणी भांडत असतं, कुणी शेजाऱ्याच्या कोंबडीवर डोळा ठेवून असतं. वर माणूस आहे हे सगळ्यांना वेळेवर कळलेलं बरं. बाकीचे देवाची गाणी गातात नाहीतर समुद्राची. बिरिमाका गावाची गायचा. कुणाच्या सुनेनं भात करपवला, कुणाची होडी विकत घेतल्याच्या दिवशीच कशी गळली, पाद्रीबुवांची कोंबडी कुणाच्या घरी अंडी घालते, सगळं शेंड्यावरून खणखणीत आवाजात गावभर जायचं. ज्याची टर उडाली तो मारायला दगड उचलायचा आणि हसत हसत टाकून द्यायचा.

माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, घट्ट बांधायची, सकाळ-संध्याकाळ धारदार सुरीनं तिचं टोक पातळसं तासायचं आणि खाली बाटली अडकवायची. थेंब थेंब नीरा जमते. ताजी असली तर ती पोरांची. आमच्याकडची पोरं दात यायच्या आधीपासून तिच्यावरच वाढतात. चुलीवर आटवली की तिची काकवी होते. आणि नुसती टांगून ठेवली, तर ऊन चढेल तशी फसफसते आणि संध्याकाळी तिची माडी झालेली असते; आम्ही तिला नुसतं आंबट म्हणतो. त्यासाठी कष्ट लागत नाहीत, अक्कल लागत नाही. काही न करता बसलं की झालं, आणि बिरिमाकाला ते फार छान जमायचं.

तो पिऊन कुणाला मारत नव्हता, कुणाला शिव्या देत नव्हता. तो झोपायचा. त्यामुळे त्याचं पिणं हे पिणं आहे असं गावात कुणाला वाटतच नव्हतं. त्याच्या बायकोला, तिबाऊला, वाटत होतं. पण झोपलेल्या नवऱ्याबद्दल चारचौघांत तक्रार काय करणार? ऐकणारी म्हणायची, बाई, माझा जागा असतो, बदलून घेतेस का?

मग एका ओहोटीला तो आपल्या मुलीला, आरेताला, घेऊन खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर शिंपले गोळा करायला गेला. आरेताचे दुधाचे दात अजून पडायचे होते. तो टोपलीत बाटली घेऊन गेला होता. शिंपले ती वेचत होती, हा जरा पलीकडच्या उंच वाळूवर आडवा झाला. भरती आली तेव्हा पोर जवळच्या खडकावर चढून बसली. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं, तेव्हा म्हातारा तेबाओ मासे घेऊन परत येत होता. त्यानं होडी वळवून तिला उचललं. बिरिमाकाला पाण्यानंच उठवलं; नाकातोंडात खारं पाणी गेल्यावर तो धडपडत उभा राहिला.

तेबाओनं पोरीला विचारलं, ओरडली का नाहीस? ती म्हणाली, "मी बाबांना हाक मारली होती. खूप वेळा." बिरिमाकानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढं कितीतरी दिवस त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, असं तो सांगायचा, आणि मला ते खरं वाटतं.

तिबाऊ रडली नाही, भांडली नाही. तिनं चटई गुंडाळली, पोरीचे कपडे गाठोड्यात बांधले आणि खोबऱ्याची पोती नेणाऱ्या ट्रकवर बसून बेटाच्या दक्षिण टोकाला आईकडे निघून गेली. परत येईन असं म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. बिरिमाका ट्रकमागे थोडा चालला. मग ट्रक जोरात गेला.

त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शपथ घेतली. रविवारी भर चर्चमध्ये उभा राहून, अंगावरचा शर्ट नीट ओढून, जन्मात पुन्हा आंबट थेंब घेणार नाही म्हणाला. बायकांनी डोळे पुसले. पाद्रीबुवांनी त्याचा हात हातात घेतला. एवढ्या माणसांनी कौतुक केल्यावर त्याला वाटलं, काम झालंच.

काम कसलं होतंय! पंधरवड्याच्या आत त्याचा चुलतभाऊ ऊरियाम दोन मेव्हण्यांना घेऊन अंगणात येऊन बसला. ऊरियाम मोठा गोड माणूस. हसला की समोरच्याच्या खिशातली तंबाखू आपण होऊन त्याच्याकडे जाते. तो म्हणाला, "भावा, बुबुती. पाहुणे आलेत. तुझ्या माडाची आंबट दे."

आता बुबुती म्हटलं की संपलंच. नात्यातल्या माणसानं तो शब्द उच्चारून मागितलं की नाही म्हणता येत नाही. सायकल मागो, शर्ट मागो, डुक्कर मागो. नाही म्हणणाऱ्याचं नाव नातवंडांपर्यंत खराब होतं. शपथ बिरिमाकाची एकट्याची होती. बुबुती सगळ्या बेटाची. त्यानं बाटल्या टांगून ठेवल्या. संध्याकाळी त्यानं ओतली, त्यांनी प्यायली. ओतणाऱ्याच्या हाताला वास लागतोच. चौथ्या करवंटीला तो त्यांच्यात बसलेला होता, आणि सकाळी घरात राहणाऱ्या त्याच्या आईनं त्याला चुलीपाशी झोपलेलं पाहिलं.

मग त्यानं दुसरं टोक गाठलं. माडावर चढणंच बंद केलं. सुरी छपरात खोचून ठेवली आणि गळ घेऊन बसला. माडच नाही तर माडी कुठली, असा त्याचा हिशेब. झालं काय, तर म्हाताऱ्या आईला काकवी मिळेना. ट्रकवाल्याबरोबर तो आरेतासाठी काकवीची बाटली धाडायचा, तीही बंद झाली. सकाळी गावाला त्याचं गाणं ऐकू येईना, तर लोक आजारी आहे का म्हणून बघायला येऊ लागले. आणि प्यायचं म्हणाल, तर आमच्या गावात माड काय एकट्या बिरिमाकाचे आहेत? तो लोकांच्या अंगणात जाऊन बसू लागला.

त्याची आई तोंडाची तिखट. ती म्हणाली, "माडाला कशाला शिक्षा करतोस? त्यानं काय केलंय? तो तर पोरांना पाजतो."

दुसऱ्या दिवशी बिरिमाकानं छपरातली सुरी काढून दगडावर घासली. चढला. बऱ्याच दिवसांनी चढल्यामुळे मांड्या थरथरत होत्या आणि गाणं काही सुचेना, म्हणून नुसताच ओरडला. खालून कुणीतरी त्याला उलट ओरडून शिवी दिली. त्याला बरं वाटलं.

त्या दिवसांत तो स्वतःवर नजर ठेवू लागला, जशी आपण गळाच्या दोरीवर ठेवतो. इच्छा नेमकी कधी होते? वर शेंड्यावर होत नाही. तिथं वारा असतो, सुरी असते, पडलो तर काय होईल ते दिसत असतं. खाली उतरतानाही होत नाही. बाटली हातात घेऊन तो घरामागच्या खुंटीपाशी यायचा, आणि तिथं मनातल्या मनात एक वाक्य म्हणायचा: राहू दे टांगलेली, संध्याकाळी बघू. एवढंच. त्या वेळी ते पिणं नसायचंच. ती गोड नीरा असायची, आणि आपण काही वाईट करतोय असं कुणालाच वाटलं नसतं. पण संध्याकाळी बघायला जो बसायचा तो वेगळा बिरिमाका असायचा, आणि त्याचं काय ठरायचं ते आधीच ठरलेलं असायचं. शपथ त्यानं संध्याकाळच्या माणसाला घातली होती. ठरवायचं होतं सकाळच्यानं.

त्यानं खुंटी उपटली. बाटल्या रोज गरम पाण्यानं धुऊन वाळूनं घासून उन्हात पालथ्या घालू लागला, कारण आदल्या दिवशीचा गाळ राहिला की ताजी नीराही तासाभरात आंबते. चूल माडाच्या बुंध्यापाशीच मांडली. चढायच्या आधी तो सरपण रचायचा, उतरला की पाय भुईला लागल्याबरोबर सगळं पातेल्यात, आणि खाली जाळ. एकदा उकळी फुटली की सुटला. काकवीची काही माडी होत नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. किती सोपं वाटतं ऐकायला! काही सकाळी तो पातेल्यापाशी बाटली धरून इतका वेळ उभा राही की आई आतून विचारी, काय झोपलास का उभ्या उभ्या? मग तो ओतायचा. रोज नव्यानं ओतायला लागायचं. कालच्या ओतण्याचा आज काही उपयोग नसायचा.

पण ऊरियाम होताच. तो येणार, हसणार, बुबुती म्हणणार. आणि बिरिमाकाला ठाऊक होतं की टांगून ठेवलेली एक बाटली आपल्याला पुरे आहे.

गावच्या मानेआबाचं, म्हणजे आमच्या सभागृहाचं, छप्पर नव्यानं शाकारलं त्या दिवशी मोठं जेवण होतं. प्रत्येक घराणं आपापल्या खांबाशी बसलं होतं. मासे, नीरफणस, भात, डुक्कर, सगळं खाऊन लोक सुस्तावले होते. तेव्हा बिरिमाका उठून मध्ये गेला. आता हा गाणार म्हणून लोक आधीच हसू लागले. तो गायला नाही. मांडी घालून खाली बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "माझ्या भावांनो, मी बुबुती करतो. माझ्याकडे आंबट मागू नका. आजपासून कधीच. गोड मागा, काकवी मागा, माझं जे आहे ते मागा. तेवढं एक मागू नका."

हसू थांबलं. वस्तू मागतात, मागणं थांबवायचं मागणं कुणी केलेलं नव्हतं. एका खांबाकडून आवाज आला की हे काही खरं बुबुती नव्हे. दुसऱ्या खांबाकडून कुणी म्हणालं, मग उद्या सगळेच असं मागतील, राहिलं काय? सगळे तेबाओकडे बघू लागले, कारण सर्वांत वयस्क तोच होता. म्हाताऱ्यानं तंबाखू गालात सारली. मग म्हणाला, "नात्यातल्या माणसानं मागितलंय. त्याच्याकडे नाही, आणि तुमच्याकडे आहे, असंच काहीतरी मागितलंय. नाही कसं म्हणणार?"

ऊरियामचा चेहरा उतरला होता. सगळ्या गावासमोर आपल्याला दारुडा ठरवलं असं त्याला वाटलं, आणि थोडंफार तसं झालंही होतं. तो हसला, पण आज ते हसू गोड नव्हतं. "दिलं," तो म्हणाला. "आता माझं ऐक. बुबुती, भावा. तुझी होडी."

ती होडी बिरिमाकाच्या बापानं कोरलेली होती. तिच्यातून बिरिमाका पहिल्यांदा समुद्रात गेला होता, आणि तिच्याइतकी वाऱ्याला धरून चालणारी होडी बेटाच्या उत्तर भागात दुसरी नव्हती. आता मात्र त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. ऊरियामलाही बहुधा बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं, पण शब्द निघून गेला होता. बिरिमाकानं फक्त एवढं म्हणायचाच अवकाश होता की जाऊ दे, दोन्ही मागणी सोडून देऊ, सगळं होतं तसं राहू दे. मानेआबातल्या सगळ्यांनी आनंदानं मान्य केलं असतं.

"वल्ही पण घे," बिरिमाका म्हणाला. "डावीकडं जरा ओढते ती. सांभाळून."

त्यानंतर तो मासेमारीला दुसऱ्यांच्या होडीतून जायचा आणि वाटणीत शेवटचा मासा घ्यायचा. किनाऱ्यावरून आपल्याच होडीचं शीड जाताना दिसलं की पाठ फिरवायचा. ऊरियामनं मात्र पुन्हा कधी आंबट मागितली नाही, दुसऱ्या कुणाला मागूही दिली नाही. एकदा दारात मोठा मासा ठेवून न बोलता निघून गेला. पातेलं रोज जाळावर चढत होतं. काकवीच्या बाटल्या ट्रकवरून दक्षिणेला जात होत्या, आणि रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या परत येत होत्या. निरोप काही यायचा नाही.

नीरफणस पुन्हा पिकू लागले त्या सुमारास ट्रक दारापुढं थांबला आणि तिबाऊ पोरीला घेऊन उतरली. सासूला बघायला आले म्हणाली. सासू ठणठणीत होती, तरी तिनं लगेच खोकून दाखवलं. तिबाऊनं घर पाहिलं, चूल पाहिली, बाटल्या उचलून एकेकीचा वास घेतला. दोन दिवस राहिली. त्याच्याशी बोलली ती मिठाबद्दल आणि छपराच्या गळतीबद्दल. तो दोन्ही दिवस चढला, उतरला, ओतलं, उकळलं. ती दारातून बघत असायची. आरेता आजीला चिकटून होती. त्याच्या हातची नीरा प्यायची, पण भांडं जमिनीवर ठेवायला लावून.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली. तिबाऊनं चटई पसरली, उशाला हात घेतला आणि छपराकडे बघत म्हणाली, "मला झोप येतेय. हिला शिंपल्यांना ने."

नको, तूही चल, असं बिरिमाकाच्या ओठावर आलं होतं. त्यानं टोपली घेतली.

आरेता त्याच्यामागे किनाऱ्यापर्यंत आली आणि ओल्या वाळूच्या कडेला थांबली. आता तिचे पुढचे दोन दात पडले होते. तिनं टोपलीत वाकून पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"तुम्ही झोपणार नाही ना?"

शपथ घ्यायला त्याची जीभ वळवळली. देवाची, आईची, जन्माची. इतक्या मोठ्या शपथा येत होत्या त्याला. तो तिच्यापुढं वाळूत उकिडवा बसला.

"आज नाही झोपणार."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या सकाळी विचार. मी माडाखाली असेन."

ती विचारात पडली. हे उत्तर पुरेसं आहे की नाही ते तिला ठरवायचं होतं, आणि तिनं वेळ घेतला. बिरिमाका थांबला. मग तिनं टोपलीची एक कडी धरली, दुसरी त्याच्याकडं राहू दिली, आणि दोघं पाण्यात उतरली.