पाण्यात वर जाणारा हात

एक लिटरची बाटली. थंड पेयाची, रिकामी झालेली, नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. ती उजव्या हातात धरून खांद्याच्या वर न्यायची आणि सावकाश खाली आणायची, असं दहा वेळा. फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे काम दिलं तेव्हा मला असा राग आला की मी तिथंच म्हणालो, "मॅडम, ह्याच हातानं म्या तलाव ओढला हाय." त्या हसल्या नाहीत. "काका, आधी बाटली," एवढंच म्हणाल्या. बाटली कमरेपर्यंत आली आणि तिथंच थांबली. मी ती टेबलावर ठेवली. बायको शेजारीच उभी होती, तिच्याकडं मी पाहिलं नाही.

खांदा मोडला त्यात दोष माझाच. गडचिरोलीहून मोटारसायकलवर गावी येत होतो, दिवस मावळायला आला होता, दोन्हीकडं सागाचं जंगल. रानडुक्कर आडवं गेलं. ते गेलं म्हणून मी गाडी दामटली. एका डुकरामागं बाकीची येतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मलाही माहीत होतं. दुसरं डुक्कर थेट पुढच्या चाकावर आलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, खांद्यात पट्टी आणि स्क्रू बसले. पुढं महिनाभर ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, साळ्याच्या क्वार्टरमध्ये पडून होतो. खिडकीतून पाळीवर जाणारी माणसं दिसायची, दोन्ही हात गाडीच्या हँडलवर. मला त्या अनोळखी माणसांचाही राग यायचा.

पण खरी भीती वेगळीच होती, ती कोणाला सांगितली नव्हती. आम्ही तलावावर जगणारी माणसं. वैशाखात तलावाचं पाणी आटलं की मोठं जाळं ओढतात. त्या जाळ्याला वरच्या बाजूनं एक लांब दोरी असते, आणि ती धरायला बारा माणसं लागतात. बारा घरांच्या बारा जागा, बापाकडून लेकाकडं आलेल्या. आमच्या घराची जागा डावीकडून तिसरी. तिथं माझा बाप उभा राहायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. लागोपाठ दोन उन्हाळे ज्या घराचा माणूस दोरीवर आला नाही, त्या घराची जागा जाते आणि वाट पाहत असलेल्या दुसऱ्या घराला मिळते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण ते मोडलेलंही कोणी पाहिलेलं नाही. मला एकच मुलगी, ती लग्न होऊन गडचांदूरला गेली. त्या वर्षी जाळं ओढलं तेव्हा माझा हात गळ्यात बांधलेला होता. तिसऱ्या जागेवर शेजारच्या दोघांनी हात लांब करून वेळ भागवली. म्हणजे एक उन्हाळा गेला होता आणि एकच उरला होता.

गावात आल्यावर अंगणात व्यायाम सुरू केला. मॅडमनी रबराचा पट्टा सांगितला होता. मी सायकलची जुनी ट्यूब चिरून खिडकीच्या गजाला बांधली आणि ओढायला लागलो. बायाबापड्या कुंपणाजवळ थांबून बघायच्या. एक जण म्हणालीच, "दादा खिडकी उपटून राह्यले का काय?" मला लाजेनं मेल्यासारखं झालं. मी ट्यूब सोडून आत गेलो आणि बायकोला सांगितलं, उद्यापासून बंद.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर आलो तर ती आधीच अंगणात उभी. पदर खोचलेला, हातात दुसरी बाटली. "मी बी करतो तुमच्यासंगं," ती म्हणाली. "दोघं केलो त एकट्यालेच कोणी हासनार नाई." तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून बाटल्या वरखाली करायचो. आकडे तीच मोजायची. माझा हात अर्ध्यात अडकला की तीही आपला हात तिथंच धरून ठेवायची, माझा खाली येईपर्यंत. मला वाटायचं, ही मला वाईट वाटू नये म्हणून करते. तसंच असेल.

पावसाळाभर थोडंथोडं येत गेलं. बाटली छातीच्या वर आली, मग हनुवटीला आली. भाद्रपदात मला हिवताप झाला. तीन दिवस दात वाजत होते. औषधानं ताप उतरला, आठ दिवसांनी परत चढला. जेवण जाईना, तोंड कडू. महिन्याभरानं उठून बसलो तेव्हा उजव्या दंडाभोवती माझ्याच डाव्या हाताची बोटं पूर्ण फिरून एकमेकांना लागत होती. बाटली उचलायला गेलो, ती परत कमरेशी थांबली. पहिल्या दिवशी जिथं थांबली होती, अगदी तिथं.

मी बाटली कुंपणावर फेकून मारली. तीही डाव्या हातानं. मग घरामागं जाऊन बसलो आणि ओरडून रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, नाक पुसायचंही भान नव्हतं. एवढं करून जर पुन्हा पहिल्याच जागी यायचं असेल तर कशाला उठायचं, असं वाटलं. चार-पाच दिवस मी खाटेवरून उठलोच नाही. बायकोनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. अंगणातून तिचा आवाज यायचा. एक, दोन, तीन. ती एकटीच मोजत होती. मला तिचं ते मोजणं सहन होईना.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी, कोणी नसताना, तलावात उतरलो. दुसरं काही मनात नव्हतं, नुसतं अंग भिजवायचं होतं. गळाभर पाण्यात गेलो आणि हात सैल सोडला. हात आपोआप वर आला. आधी छातीशी, मग खांद्याशी. जरा जोर दिला तर कानाच्याही वर गेला, बोटं पाण्याबाहेर आली. मी माझीच बोटं बघत राहिलो. आठ महिन्यांत ती मला डोक्याच्या वर दिसली नव्हती. तसाच ओल्या अंगानं पळत घरी आलो आणि ओरडलो, "अवो, हात आला!"

बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. "दाखवा."

अंगणात हात खांद्याशी येऊन थांबला.

"थंडीनं आखडला असन," मी म्हणालो. तिनं सूप परत उचललं.

आणि इथंच मी घोडचूक केली. मी मनाशी ठरवलं की खरं ते पाण्यातलं. आपलं काम पाण्यात, दोरी धरायची पाण्यात, मग अंगणात हात किती वर जातो याच्याशी काय घेणं? जन्म पाण्यात गेलेला माणूस पाण्यावर विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवणार? मी बाटली सोडली, ट्यूब सोडली. रोज सकाळी तलावात जाऊन गळाभर पाण्यात हात वर करायचो आणि खूश होऊन घरी यायचो. पौषात चंद्रपूरला दाखवायला गेलो तर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "काका, तिथं तुमचा हात पाणी वर उचलून धरतं, तुम्ही नाही. जमिनीवर वजन घेतल्याशिवाय ताकद येणार नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, या बाईनं जाळं कधी पाहिलंय?

बायकोनं मात्र अंगणातलं सोडलं नाही. बाटलीची जागा तेलाच्या पाच लिटरच्या कॅननं घेतली होती, त्यात पाणी भरून ती दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि तशीच धरून राहायची. मी तिला चिडवायचो. "काऊन वो, पैलवानीन होतं का? कुस्तीले जातं का?" ती म्हणायची, "मले बरं वाटते. रात्री झोप चांगली लागते." मी हसायचो. मला वाटायचं, गंमत करून राहिली आहे.

वैशाख आला. जाळं ओढायच्या सकाळी आम्ही बाराही जण काठावर उभे होतो. आमचे म्होरके सत्तरीचे आहेत, सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. ते माझ्याजवळ आले. "जमते नं गा? नाई जमत त सांग, आत्ताच सांग."

"जमते, भाऊ."

"पाह्य बरं."

मी तिसऱ्या जागेवर उतरलो. दोरी हातात आली आणि अंगावर काटा आला. पाणी छातीला होतं, हात हलके होते, बाराही जण एका चालीनं सरकत होते. उजवा हात बरोबर चालत होता. मी शेजाऱ्याला काहीतरी टोमणाही मारला, तो हसला. दोन वर्षांनी मी माझ्या जागेवर होतो. त्या अर्ध्या तासात मी सुखी होतो, हे खरं सांगतो.

जाळं काठाकडं आलं की पाणी छातीचं कमरेला येतं, कमरेचं गुडघ्याला. मासे कोंडले जातात आणि उड्या मारायला लागतात. तेव्हा वरची दोरी सगळ्यांनी डोक्याच्या वर धरायची असते, नाहीतर मासे तिच्यावरून पलीकडं जातात. हे मला माहीत नव्हतं काय? लहानपणापासून पाहिलेलं, स्वतः वीस वेळा केलेलं. पण पाच महिने गळाभर पाण्यात उभा राहून मी शेवटची ती वीस पावलं मनातून पुसून टाकली होती.

भाऊ काठावरून ओरडले, "वरत! वरत घ्या!" अकरा जणांची दोरी वर गेली. माझा डावा हात गेला. उजवा खांद्याशी आला आणि ओल्या जाळ्याच्या वजनानं तिथंच राहिला. माझ्या जागेवर दोरीला खोलगट झोळ पडला. पहिली रोहू त्या झोळावरून गेली. मग दुसरी. मग कतला, चांगली मोठी, तिचं शेपूट माझ्या गालाला लागलं. माशांना वाट सापडली होती आणि ती वाट मी होतो. "तिसरी जागा! अरे तिसरी जागा!" सगळे ओरडत होते. मी दात खाऊन जोर केला, खांद्यात कळ गेली, हात वीतभरही वर सरकला नाही. बारा घरांचा मासा माझ्या घराच्या जागेवरून पळत होता, आणि मी तो पळताना बघत होतो.

काठावर बाया टोपल्या घेऊन उभ्या असतात. त्या दोरीला हात लावत नाहीत, तशी रीतच नाही. मला कोणीतरी पाण्यातून धपधप येताना ऐकू आलं. बायको होती. पातळ कासोट्यासारखं वर खोचलेलं. ती माझ्या उजवीकडून आत शिरली, माझ्या मुठीच्या बाजूला दोरी धरली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली. झोळ गेला. "सोडा तुमी," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. मी सोडली. जाळं काठाला लागेपर्यंत ती तशीच चालत राहिली, हात वर, जशी अंगणात कॅन धरून उभी राहायची तशी. मी तिच्या मागं गुडघाभर पाण्यात रिकाम्या हातांनी उभा होतो.

सगळ्यांचं लक्ष भाऊंकडं होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तंबाखू मळली. शेवटी म्हणाले, "घरचं मानूस दोरीवर आलं. तिसरी जागा त्याच घरची."

लोक मला येऊन म्हणतात, तुमच्या बायकोचा तुम्हाला अभिमान वाटला असेल. मी हो म्हणतो. त्या दिवशी वाटला नव्हता. मला तिचा हेवा वाटला, इतका, की तिचं तोंड बघवेना. जागा राहिली, आणि मला वाटत होतं की ती गेली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती अंगणात बसली. खांदे भरून आले होते. "जरा तेल लावता का?" म्हणाली. मी डाव्या हातानं चोळायला लागलो. तिचे खांदे घट्ट झाले होते. वर्षभर रोज माझ्यासमोर झाले होते आणि मी पाहिलंच नव्हतं. मला रडू फुटलं.

"काऊन रडता?"

"मले तुहा राग येऊन राह्यला," मी म्हणालो. खोटं बोलायची ताकद नव्हती.

ती म्हणाली, "येऊ द्या राग. पन उद्या सकाळी बाटली घेऊन बाहीर या. पुढच्या साली मले ताप आला त तिथं कोन उभं राहीन?"

सकाळी मी अंगणात गेलो. बाटली खांद्याशी येऊन थांबली. तिनं समोर आपला कॅन तिथंच थांबवला आणि म्हणाली, "एक."