आधी चिकटवलेली लेबलं

सासूबाईंचा फोन आला, तेव्हा रक्ताची बॅग वॉर्डात जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"अगं, ताट भरायला घेतलं. डब्यावर लिहिलंय शंकरपाळे आणि आत चिवडा. चिवड्याच्या डब्यात शंकरपाळे. हॉस्पिटलातही असंच करता का तुम्ही?"

धनत्रयोदशीची दुपार होती. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत सतरा वर्षं टेक्निशियन आहे. आठवडाभर पहाटे फराळ, मग ड्यूटी, मग वारज्याला घरी परत येऊन पुन्हा तळण, असं चाललं होतं. वेळ वाचावा म्हणून आदल्या दिवशी रिकाम्या डब्यांवर लेबलं चिकटवून ठेवली होती आणि पहाटे अर्धवट झोपेत डबे भरले होते.

"अहो आई, गडबडीत झालं असेल, आधीच लेबलं..." एवढं बोलले आणि फोन ठेवला.

सकाळी मी वॉर्डात हेच केलं होतं.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. पेशंटला नाव विचारायचं, रक्त काढायचं आणि मग तिथंच, त्याच्या कॉटशेजारी उभं राहून ट्यूबला लेबल लावायचं. आधी कधीच नाही. सकाळी वॉर्डातून फोन आला, "दोन सॅम्पल हवीत, आमच्याकडे स्टाफ कमी आहे, तुम्हीच या." अकरा आणि बारा नंबरच्या कॉटवर दोन आजोबा, दोघांच्याही खुब्याचं हाड मोडलेलं. मी खालीच दोन्ही ट्यूबना लेबलं लावली आणि त्या ॲप्रनच्या खिशात टाकल्या. वर कुणाचं रक्त काढताना कुठली ट्यूब हातात आली, ते पाहिलंच नव्हतं. बारा नंबरच्या आजोबांना बॅग अजून लागायची नव्हती. अकराच्या आजोबांसाठी वर पाठवलेली बॅग 'बी' गटाची होती.

ट्यूबच चुकीची असेल, तर पुढच्या सगळ्या तपासण्या बरोबर येतात. मशीन ट्यूबमधलं रक्त तपासतं. ते कुणाचं आहे, हे त्याला फक्त लेबल सांगतं. आणि 'ओ' गटाच्या माणसाला 'बी' गटाचं रक्त चढवलं, तर जीव जाऊ शकतो.

मी वॉर्डात फोन लावला. कुणी उचलला नाही. लिफ्ट पाहुण्यांनी भरली होती, म्हणून जिन्यानं धावले. पैठणी नेसून. कारण त्या दुपारी लॉबीत 'रुग्णसुरक्षा शपथ' होती आणि ती वाचायचा मान माझा होता. मधोमध भलीमोठी रांगोळी, तिच्यात 'शून्य चूक' अशी अक्षरं. चूक टाळायला रांगोळी लागते, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मी सकाळपासून ज्याला त्याला ऐकवत होते.

तिसऱ्या मजल्यावर पोचले. काउंटरवर कुणी नाही. अकरा नंबरच्या कॉटशेजारी स्टँडला बॅग लटकत होती. तिची नळी आजोबांच्या हाताला जोडलीय का, ते दारातून दिसेना. मी कॉटजवळ गेले.

"काय हो बाई, शपथ सोडून पळालात?" आजोबा म्हणाले. सकाळी शपथेचं त्यांनाही ऐकवलं होतं.

"आजोबा, रक्त लावलं का?"

"कुठलं? सिस्टर आल्या, अडकवून गेल्या. फोटो काढायला बोलावलंय म्हणे."

मी आधी बॅग काढून हातात घेतली. मग कॉटच्या काठावर बसले. बसायची परवानगी नसते.

सिस्टर धावत आल्या. "अहो, ग्रुप फोटोला हाका मारत होते. रक्त सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलता येत नाही. म्हटलं, फोटो उरकून शांतपणे लावते. काय झालं?"

मी त्यांना लेबलांचं सगळं सांगितलं.

दोघांची सॅम्पल पुन्हा घेतली. या वेळी सिस्टरनी काढली, मी हात लावला नाही. अकराचे आजोबा 'ओ', बारा नंबरचे 'बी'. रिपोर्ट मी दोनदा वाचला. शंका असणं वेगळं, आणि छापून समोर येणं वेगळं.

मॅडमना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, तेव्हाच लेखी दिलं.

"आजच द्यायला हवं का? खाली ट्रस्टी आलेत."

"चूकही आजच झालीय, मॅडम."

त्यांनी कागद वाचून त्यावर सही केली. मग म्हणाल्या, "शपथ दुसऱ्या कुणाला वाचायला सांगते." ही मला त्या दिवशी मिळालेली सगळ्यात रास्त शिक्षा होती. मेमो नंतर आला.

अकराच्या आजोबांना त्यांच्या गटाचं रक्त मिळालं, ऑपरेशन झालं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी फोटोमुळे वाचलो. मग एक माझाही काढा."

आता आमच्याकडे नवीन पेशंटची दोन सॅम्पल घेतात, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी. त्यावर चार पानी परिपत्रक आहे. सासूबाईंनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "झाकण उघडून बघायला काय जातं?"

समारंभांना मी अजूनही नावं ठेवते, पण जरा हळू आवाजात. शंकरपाळ्यांचं लेबल मात्र चिवड्याच्या डब्यावरून काढलेलं नाही. दरवर्षी तो डबा उघडून बघावा लागतो.