समंधाची बाजू

अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत आत्या आली ती माझ्या धाकट्या भावाच्या जन्मासाठी. वडिलांनी गावाहून थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. बाळंतिणीचा शेक, बाळाचं न्हाणं, वर लोणची-पापड असं सगळं तिने केलं. भाऊ रांगायला लागला आणि घर एकाएकी लहान पडू लागलं. "आक्का, बोटीचं तिकीट सांगून ठेवलंय हं," वडील म्हणाले. मला भयंकर राग आला. तिच्याशिवाय मला झोप येत नसे, पण विचारतो कोण?

दुपारी ती तांदूळ निवडायची आणि मी तिला लायब्ररीतली जादूची पुस्तकं वाचून दाखवायची. त्यातल्या एका पुस्तकात मांत्रिक विहिरीतल्या समंधाला मंत्राने उठवतो, त्याच्याकडून महाल बांधून घेतो, सोनं आणवतो. शेवटी राजपुत्र समंधाला ठार करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मीसुद्धा वाजवल्या.

आत्याने सूप खाली ठेवलं. "तेचा काय चुकला गो?"

"अगं, दुष्ट असतो तो!"

"निजलेलो होतो तो. उठवल्यानी, राबवल्यानी. जेवूक तरी घातल्यानी काय तेका? आमच्या वाडीच्या देवचाराक, तो पण भूतच, वर्साक कोंबो गावता. कधी कोणाक त्रास नाय."

मी पुस्तक पुन्हा चाळलं. समंधाला खरोखरच कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी देवापुढे नारळ ठेवला. प्रवासाला निघताना आमच्यात गाऱ्हाणं घालतात. ते घालायचं घरातल्या पुरुषाने, बाकीच्यांनी नुसता होकार द्यायचा. पण शहरात राहून वडील ते विसरले होते. "मी घालतंय," म्हणत आत्या पुढे झाली. वडील हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. मन बहुधा ऑफिसात पोचलं होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वडील म्हणाले.

"पोराबाळांका राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गरजेक ज्येका साद घातल्यानी, तेका काम सरल्यावर हाकलूची बुद्धी कोणाक झाली आसात, तर ती दूर कर, आनी तेका हयच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वडिलांनी डोळे उघडले तोवर आत्याने नारळ फोडलाही होता. आई पदर तोंडात कोंबून मोरीकडे पळाली. मी मात्र उघड हसले.

कोकणातल्या माणसाची देवापुढे हो म्हणून फिरायची छाती नाही. वडिलांनी मुकाट्याने ट्रंक परत पलंगाखाली ढकलली आणि पुटपुटले, "हे भूत कुणी बोलावलं होतं?"

"तूच रे बाबा," आत्या म्हणाली. "आता वर्साक कोंबो लागतलो."

पुढे दरवर्षी कोंबडा शिजला. मोठी तंगडी आत्याच्या ताटात पडायची आणि ती वडील स्वतः वाढायचे.