‘हिरवी’ काढायची की ठेवायची?

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्याशी घटकाभर थांबा. आज दुपारी छापखान्यात जे झालं, ते डोक्यातून जातच नाही.

मी शाळामास्तर. मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या विज्ञानाच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. लढाईमुळे कागदाची चणचण, म्हणून ओळी दाटीवाटीनं बसवलेल्या. त्यात एक ओळ दिसली, ‘उन्हात हिरवी पाने सोडतात तो प्राण’. आणि ‘वायू होय’ खालच्या ओळीत! मधली जोडरेघसुद्धा गळलेली.

मी चिडलो. अक्षरांचे खिळे जुळवणारे गेनूभाऊ मूळचे दुष्काळी जामखेडचे. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, आमच्याकडं उन्हात पानं प्राणच सोडत्यात की.”

मला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

“शास्त्रातला शब्द असा मोडायचा नाही,” मी म्हणालो. “रेघ घालूनही नाही. ‘हिरवी’ काढा, म्हणजे ‘वायू’ वर बसेल.”

त्यांच्या हातातला चिमटा थांबला. “‘हिरवी’ नगं काढाया, मास्तर. लई दिसांनी हाताला लागलीय.”

शेवटी अख्खा ‘प्राणवायू’ खाली नेला. वरची ओळ विरळ झाली. शब्दाशब्दांमध्ये केवढी मोकळी जागा! बघता बघता त्या जागेत मला फांद्या दिसू लागल्या, पानं हलू लागली. शाईच्या वासातून ओल्या पाल्याचा वास आला.

पुस्तक आलं की ती ओळ तुम्हाला खटकेल. छापखान्याला नावं ठेवू नका. फक्त खरं सांगा, माझ्या जागी असता तर तुम्ही ‘हिरवी’ काढली असतीत?