भुताच्या सिनेमामागचं लग्न

सास्तुरात पंपाची मोटार जळली की ती रेवणसिद्धकडे येते. साठी ओलांडलेला हा माणूस दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळत बसलेला असतो. पण पन्नाशीपुढचं कुणी त्याला मोटारवाला म्हणत नाही. त्यांच्यासाठी तो अजून ‘भुताचा रेवण’च आहे.

हे नाव त्यानं कमावलेलं आहे. ऐन तारुण्यात त्यानं सोलापुराहून व्हीसीआर आणला आणि दर रविवारी दुपारी, खिडक्यांना पोती लावून, भुताखेतांचे, खुनाखुनीचे नि मारामारीचे सिनेमे दाखवायला लागला. त्यातले निम्मे इंग्रजी. मग कपाळाला भस्म फासून तो टीव्हीच्या शेजारी उभा राहायचा आणि गोष्ट सांगायचा. “आता बघा, ही बाई तळघरात चाललीय. कुणी बोलावलंय का? न्हाय. तरी चाललीय!” इंग्रजी त्याला तरी कुठं येत होतं? जिथं कळायचं नाही तिथं तो पदरचं घालायचा. एकदा तर त्यानं खुन्याला नायिकेचा सख्खा मामा करून दोघांत जमिनीच्या वाटणीचं भांडण लावून दिलं. लोकांना ते इतकं पटलं, की पुढं आठवडाभर पारावर त्या मामाला शिव्या बसत होत्या.

असा बोलघेवडा माणूस एका गोष्टीबद्दल मात्र बत्तीस वर्षं तोंड मिटून होता.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गावातल्या महालिंगप्पांनी त्याला आपल्या लेकीच्या, उमादेवीच्या तीन वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाची कॅसेट दिली होती. व्याह्यांना एक प्रत हवी होती. रेवणसिद्धकडे दोन व्हीसीआर होते. एकात कॅसेट चालवायची, दुसऱ्यात भरायची. कॅसेटच्या कडेची एक बारकी पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही; त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की येतं. लग्नाच्या कॅसेटची पट्टी फोटोग्राफरनं शहाणपणानं मोडलेलीच होती. पण रेवणसिद्ध जुन्याच कॅसेटी पुन्हापुन्हा वापरायचा, त्यामुळं दिसेल त्या खाचेवर चिकटपट्टी लावत सुटायची त्याच्या हाताला सवय. त्या सकाळी गठ्ठ्याबरोबर उमादेवीच्या लग्नालाही चिकटपट्टी लागली. मग त्यानं ती जुनीच समजून भरायच्या यंत्रात घातली, दुसऱ्यात नवाकोरा भुताचा सिनेमा लावला आणि हा गडी चहाला गेला, तो गप्पांत दोन तास रमला. परत येऊन बघतो तर हळद, अक्षता, सगळ्यावर भूत बसलेलं. तीन तासांच्या कॅसेटीत शेवटचं तेवढं लग्न उरलं होतं.

“आठ दिवसांनी या, अप्पा,” तो म्हणाला. मग आणखी आठ दिवसांनी. दुकानात कॅसेट त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यानं ती डब्यात घालून शेतातल्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवली. असं करत गणपती आले, गेले आणि भूकंप झाला.

उमादेवी आणि तिचा नवरा शेजारच्या गावात, स्वतःच्याच घराखाली गाडले गेले. त्यांची दोन वर्षांची शिवप्रिया तेवढी महालिंगप्पांबरोबर शेतातल्या कोठ्यावर, गुरांच्या छपरात होती, म्हणून वाचली. महालिंगप्पांचं गावातलं घर बसलं. फोटोंचा अल्बम ढिगाऱ्यात सापडला तेव्हा वरून पडलेल्या पावसानं त्याचा लगदा झाला होता. कॅसेटीचं महालिंगप्पांनी कधी विचारलंच नाही. पडलेल्या दुकानाबरोबर तीही गेली, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि लेक गेलेल्या बापाला, तुमच्या लेकीच्या लग्नावर म्या भूत भरलं, हे रेवणसिद्ध कुठल्या तोंडानं सांगणार होता?

परवा शिवप्रिया मिक्सर दुरुस्तीला घेऊन आली. आता ती गावातच शिक्षिका आहे. बोलता बोलता म्हणाली, “काका, शाळेत पोरांना आजीचा फोटो आणायला सांगितलाय. माझीच पोरगी म्हणती, आपल्या आजीचा कुठाय? काय सांगू? म्या तरी कुठं बघितलीय आईला.”

ती गेल्यावर रेवणसिद्धची बायको गौराबाई पदर खोचून पुढ्यात उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. “आता तरी सांगा. न्हायतर म्या जाऊन सांगते.”

डबा निघाला. कॅसेटला बुरशी आली होती. रेवणसिद्धनं तिचे पाच स्क्रू काढले, आपल्या सगळ्यात लाडक्या मारामारीच्या सिनेमाची कॅसेट फोडली आणि तिच्या चांगल्या खोक्यात उमादेवीची रिळं बसवली. मऊ फडक्यानं फीत इंचाइंचानं पुसली. तुटली तर आता दुसरी कुठं नव्हती. भूकंपानंतर घेतलेला जुना व्हीसीआर सुरू झाला. भूत दिसलं, तसा त्यानं बंद केला. पुढचं आपण आधी बघायचं नाही, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हीसीआर नि कॅसेट घेऊन महालिंगप्पांच्या घरी गेला. म्हातारा नव्वदीला टेकलेला, दोन्ही डोळे गेलेले. रेवणसिद्धनं त्यांचे पाय धरले आणि शिवप्रियासमोर सगळं सांगून टाकलं, चिकटपट्टीसकट. शिवप्रियानं उठून टीव्हीची वायर पुढं केली.

कॅसेट लागली. एक बाई जिवाच्या आकांतानं किंचाळली.

“ह्ये काय, रेवण्या?”

“भूत हाय, अप्पा.”

“आन उमा कुठाय?”

“येतीय. थोडं थांबा. पळवली तर फीत तुटंल.”

भूत एकदाचं जळालं. नावं सरकली. पडद्यावर खरखर झाली, ती संपेना. रेवणसिद्धनं मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हाक मारली. आणि मग लग्नाची पंगत दिसली. मुंडावळ्या बाजूला सारत एक पोरगी पातेल्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे चालत आली.

“अप्पा, तुमी जेवलाव का न्हाय?”

“जेवलो, उमा,” बाजेवरून महालिंगप्पा म्हणाले.

शिवप्रिया टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली होती. “आजोबा, माझ्यासारखी हनुवटी हाय हिची,” ती रडत होती आणि हसतही होती. मग वळून म्हणाली, “काका, तवा परत केली असती तर आमच्या घराखाली गेली असती की हो.”

बत्तीस वर्षांत हे रेवणसिद्धच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आपल्या चुकीचे उपकार मानावेत अशी वेळ येईल, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

शिवप्रियानं डोळे पुसून मोबाईल काढला. “उतरवून घेते. सिनेमाचं वगळू का, आजोबा?”

“कशाला? राहू दे त्ये भूत. एवढी वर्सं त्यानंच राखलं तिला.” मग म्हाताऱ्यानं हात पुढं करून चाचपडत रेवणसिद्धचं मनगट धरलं. “रेवण्या, मला दिसत न्हाय. तू उभा ऱ्हा आन सांग.”

रेवणसिद्ध टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिला. घसा खाकरला.

“आता बघा, अप्पा. उमाक्का चाललीय. हिरवा शालू हाय. तुमच्या खांद्यावर पांढरा टॉवेल हाय. तिनं तुमचा हात धरलाय, अजून सोडला न्हाय.”

या खेपेला त्यानं पदरचं काहीही घातलं नाही.