चौदा तवे आणि वालाची ओल

निवृत्तीनंतर पुंजारामला दुपारची स्वप्नं पडू लागली. त्यांत माणसं नसत. एक लांबच लांब शेड असे, तिच्यात शंभरेक शाफ्ट एका रेषेत फिरत असत आणि कसलाही आवाज येत नसे. जाग आली की बोईसरच्या खोलीतला पंखा खडखडत असे आणि रखमाबाई विचारी, "आलात का ड्यूटीवरून?"

तेहतीस वर्षं तो तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर होता. चाळीसगावकडून आला तेव्हा दोन-चार वर्षं काढून परत जाऊ असा बेत होता. कारखान्यांच्या गावात सगळ्यांचाच असा बेत असतो, म्हणून तर ती गावं वाढतात. त्याचं काम एकच: मोटरचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट समोरासमोर आणायचे आणि दोघांत केसाएवढाही फरक राहू द्यायचा नाही. असं काम जन्मभर केलं की ते स्वभावात उतरतं. भिंतीवरचं कॅलेंडर, पंगतीतली पत्रावळ, काहीही तिरकं दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे होई. एकदा भर लग्नात त्याने व्याह्यांची टोपी सरळ केली होती. तो विषय घरात अजून कुणी काढत नाही.

कार्तिक लागला आणि जिवलीचा फोन आला. जिवली त्याच कारखान्यात अकरा वर्षं कंत्राटावर झाडायला होती. कंत्राट बदललं तशी ती घरी बसली. बेटेगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिच्या माहेरचा पाडा.

"पुंजाभाऊ, तुमी रिकामंच हाय ना?"

"रिकामा कसा? निवृत्त आहे."

"त्येच. माझ्याकडं एक हॅरो हाय. ट्रॅक्टरच्या मागं लावायचा. गंजून पार दगड झालाय. तुमी उघडून द्याल?"

पुंजारामने हॅरो जन्मात उघडला नव्हता. "त्यात काय मोठं," तो म्हणाला. रखमाबाईने फोनकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "जा बाई जा," ती म्हणाली. "पंख्याला तरी विसावा."

जिवलीचं दुखणं त्याला पहिल्याच दिवशी कळलं. नाल्याकाठी तिच्या बापाचा एक तुकडा होता. कागदावर भाऊ कैलासचं नाव, आणि कसायची ती. ती कारखान्यात झाडत होती तोवर तुकडा पडीक राहिला आणि गवताने त्याच्यात मुळांची गादी करून टाकली. आता वीटभट्टीवाल्याला तिथली माती हवी होती. कैलास वाईट माणूस नव्हता. पडीक जमिनीची त्याला लाज वाटे, आणि लाजेवर जेसीबी हा उपाय आहे असं त्याचं मत झालं होतं. तो बहिणीला म्हणाला होता, "यंदा वाल पेरलास तं तुकडा तुझा. नाय पेरलास तं सोमवारपास्ना माती उचलतील."

वाल पावसावर येत नाही. पाऊस जाताना जमिनीत जी ओल ठेवून जातो, तिच्यावर येतो. नाल्याकाठी ती ओल चार दिवस जास्त टिकते एवढंच. बेटेगावच्या मिथुनकडे ट्रॅक्टर होता, पण त्याने तुकडा पाहून हात जोडले होते. "मावशी, दगड नि मुळं. रोटावेटरचे दात तुटतील. तव्यांचा हॅरो असता तं गोष्ट निराळी, तवा दगडावरनं चढून जातो."

"तवे हायत," जिवली म्हणाली होती.

ते तवे ऐनाच्या झाडाखाली होते. जिवलीचा नवरा रावज्या डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत ट्रॅक्टर चालवायचा, आणि मालकाने नवा घेतला तेव्हा जुना हॅरो त्याला मिळाला होता. रावज्या गेल्यावर जिवली माहेरी परतली ती एक ट्रंक, दोन बोकड आणि हा हॅरो घेऊन. बोकडांचं काय झालं हे विचारायची गरज नव्हती. हॅरो तेव्हापासून तिथेच होता. सकाळच्या धुक्यात पुंजारामला तो प्रथम दिसला तेव्हा यंत्र वाटलाच नाही. कुण्या मोठ्या घरच्या बाईने जेवणावळीनंतर चौदा ताटं घासून, उपडी-आडवी लावून ठेवावीत आणि मग ते घरच उठून जावं, तसं काहीतरी. ताटांमधून गवत वर आलं होतं. एका वेलाने आतून जाऊन पलीकडे निळं फूल काढलं होतं. धुकं हललं की तवेही जरासे हलल्यासारखे वाटत. पुंजाराम बराच वेळ नुसता उभा राहिला.

"काय झालं?" जिवलीने विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"कारखान्यात पन असंच बघत उभे राहायचे तुमी. मी भवतीनं झाडून घ्यायची."

आतला हिशेब तसा साधा होता. सात तवे एका चौकोनी शाफ्टवर ओवलेले, ती पुढची ओळ. सात मागच्या शाफ्टवर. पुढच्यांच्या कडा दातेरी, गवत तोडायला, मागच्यांच्या गुळगुळीत. ट्रॅक्टर ओढतो आणि तवे आपले आपण फिरतात. ना मोटर ना पट्टा. पुंजारामला हे जरा कमीपणाचं वाटलं, पण त्याने ते यंत्राला जाणवू दिलं नाही.

पाच दिवस तो सकाळच्या रिक्षाने येई आणि ऊन कलल्यावर जाई. नटांवर रॉकेल सोडायचं, वाट बघायची, हातोडीने टिचक्या मारायच्या, पुन्हा वाट बघायची. गंज घाई ओळखतो. दोन तव्यांमधल्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरं केली होती. एका बेअरिंगच्या जागी नुसती लाल भुकटी निघाली, ते बोईसरच्या दुकानातून नवं आणलं. चौथ्या तव्याचं चौकोनी भोक झिजून गोल झालं होतं. शेवटचा मोठा नट कधीतरी ढिला राहिला असणार, मग तवा शाफ्टवर डुलत राहतो आणि आपलंच भोक खातो. तिथे त्याने पट्टी वेल्ड करून घेतली. दुपारी ऐनाखाली डोळा लागे. स्वप्नात आता शेडऐवजी गवत येई, आणि गवतातून चौदा चंद्रकोरी काही न बोलता निघालेल्या असत. जाग आल्यावर दूर बुलेट ट्रेनचे खांब दिसत. एका ओळीत, अगदी ओळंब्यात. पुंजारामला ते पाहून बरं वाटे.

एक गोष्ट मात्र त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होती. दोन्ही ओळी तिरप्या होत्या. पुढची उजवीकडून पुढे आलेली, मागची डावीकडून. फ्रेमवर बोल्टासाठी चार-चार भोकं होती आणि बोल्ट तिसऱ्यात होते. एवढी भोकं कारखान्याने कशाला दिली असतील यावर पुंजारामने विचार केला. ज्यांना नेमकं बसवता येत नाही त्यांच्यासाठी, असा त्याने निकाल दिला.

"हे असंच होतं?"

"माझ्या नवऱ्यानंच बसवलं व्हतं," जिवली म्हणाली.

"राग मानू नका जिवलीबाई, पण तुमच्या माणसाला सरळ लावायला कुणी शिकवलं नव्हतं."

जिवलीने रॉकेलचा डबा उचलला आणि उगाचच सावलीतून उन्हात नेऊन ठेवला.

जोडताना पुंजारामने दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि दोन्ही ओळी एकमेकींना समांतर, ट्रॅक्टरला काटकोनात बसवल्या. तवा हाताने फिरवला की तो कितीतरी वेळ फिरत राही, आवाज न करता. स्वप्नातल्या शेडमध्येही याहून चांगलं काम झालेलं त्याला आठवेना.

शनिवारी सकाळी मिथुन ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टरच्या मागे तीन पिना बसल्या, हॅरो उचलला, तुकड्यावर नेला, खाली सोडला. बगळे आधीच येऊन बसले होते. ट्रॅक्टर निघाला आणि तवे फिरू लागले, चौदाच्या चौदा, सुंदर. गवत नुसतं वाकलं आणि तवे गेल्यावर पुन्हा उभं राहिलं. मागे जमिनीवर वहीला आखतात तशा बारीक रेघा उमटल्या होत्या.

मिथुन वळून बघत होता. "काका, ही तं बाबागाडी झाली! पोराला झोपवायला न्यावी अशी."

"वजन कमी पडतंय," पुंजाराम म्हणाला.

फ्रेमवर दगड रचले. रेघा थोड्या ठळक झाल्या. आणखी दगड रचले. मिथुन स्वतः चढून बसतो म्हणाला, पण मग ट्रॅक्टर कोण चालवणार हा प्रश्न आला. तीन फेऱ्यांनंतर बगळे उठून शेजारच्या खाचरात गेले. त्यांनी वेळ वाया घालवायचं बंद केलं होतं.

"मावशी, मला अकराला दुसरीकडं जायचं हाय. दुपारी येऊन बघतो. पन उद्याचा दिवस नाय माझ्याकडं."

जिवलीने वाकून नखाने माती उकरली. वरची कोरडी, खाली दोन बोटांवर काळसर. तिने ती बोटं तशीच पदराला पुसली. "आजचाच दिस हाय ह्या ओलीचा," ती म्हणाली. हॅरोकडे न बघताच ती घराकडे वळली, आणि हे पुंजारामला लागलं.

तो ऐनाखाली बसला. दगडांनी लादलेला हॅरो समोर, आणि त्याच्यात एकही चूक सापडत नव्हती. ऊन चढलं. जिवली भाकरी घेऊन आली आणि बसण्यापूर्वी खराट्याने झाडाखालचा पाला लोटू लागली. पुंजारामचे डोळे अर्धे मिटले होते. खर्र, खर्र. खराटा जमिनीला कधीच सरळ लागत नव्हता. तिरपा येई, खाली पाला धरी आणि बाजूला फेके. मग हात बदलून दुसरीकडून तिरपा. अर्धवट झोपेत त्याला खराट्याच्या जागी तवा दिसला, मग पुन्हा खराटा, मग सात खराटे एका शाफ्टवर ओवलेले.

"जिवलीबाई, सरळ का नाही ओढत तो?"

"काय?"

"खराटा. सरळ ओढून बघा."

जिवलीने त्याच्याकडे उन्हाचा परिणाम झालेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं, पण ओढला. खराटा पाल्यावरून घसरत गेला आणि पाला होता तिथेच राहिला. "सरळ ओढला तं कचऱ्याला नुसती कंगवी फिरते. अकरा वर्सं तुमच्या डोळ्यासमोर झाडलं, तुमी बघत काय व्हते?"

पुंजाराम उठला होता. गुडघ्यांवर बसून त्याने फ्रेमवरची माती पुसली. तिसऱ्या भोकाभोवती जुना लाल रंग शाबूत होता, वॉशरएवढा गोल, चकचकीत. वर्षानुवर्षं बोल्ट तिथेच होता आणि विचार करून तिथे ठेवलेला होता. तवा चालण्याच्या दिशेला तिरपा राहिला तरच जमिनीत शिरतो. पुढची ओळ माती उजवीकडे फेकते, मागची तीच माती उचलून डावीकडे परत आणते. किती खोल जायचं ते भोकं ठरवतात. तेहतीस वर्षांचा अनुभव असला की माणूस चूकही अचूक करतो.

"तुमच्या माणसाला कळत होतं," तो मान वर न करता म्हणाला. "मलाच कळलं नाही. मी उगाच त्यांना बोललो."

जिवली भाकरीचं फडकं सोडत होती. "त्याला तेवढंच कळायचं," ती म्हणाली. "बाकी काय म्हून कळायचं नाय." मग भाकरी उचलत, "पन तेवढं बराबर कळायचं." आणि तिने त्याला दोन भाकऱ्या वाढल्या, ज्या त्याने बोल्ट सोडता सोडता उभ्यानेच खाल्ल्या.

वाकडं बसवायला सरळपेक्षा जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक बोल्टाला पुंजारामचा हात मनाविरुद्ध चालत होता. मिथुन आला तेव्हा हॅरो पुन्हा मोडल्यासारखा दिसत होता. "काका, हे काय केलं?" त्याने विचारलं. "बिघडवला," पुंजाराम म्हणाला. "चालव."

दगड उतरवले होते. हॅरो खाली टेकला, ट्रॅक्टरचा आवाज जड झाला आणि मिथुनने गिअर बदलला. पहिल्यांदा काही दिसलं नाही, नुसता वास आला: ओला, थंड, बंद खोली उघडावी तसा. मग गवत मुळांसकट उलटलं, आणि तव्यांच्या पोटांतून काळी माती दोन बाजूंनी येऊन मध्ये मिसळत गेली, कुणी झोपेत कूस बदलतंय इतक्या सावकाश. एका दगडावर तवे एकामागून एक चढले, उतरले आणि पुढे गेले. पुंजाराम मागून अनवाणी चालत होता. चपला कधी सुटल्या ते त्याला कळलं नव्हतं. बगळे परत आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. ओळीत नव्हते, पण त्याने कुणाला सरळ केलं नाही.

जिवलीने मूठभर माती उचलून दाबली. गोळा झाला. बोटाने टोचला, फुटला. "हाय," ती एवढंच म्हणाली आणि ओटीत वाल भरायला गेली.

दोन फेऱ्या झाल्यावर ती मुठीमुठीने वाल फोकत निघाली. वाल मातीने झाकायला शेवटची फेरी उथळ हवी, म्हणून पुंजारामने बोल्ट दुसऱ्या भोकात आणले. हे त्याला कुणी सांगितलं नाही. ऊन कलायला आलं होतं, तेव्हा कैलास बांधावर येऊन उभा राहिला. हातात फोन होता. सोमवारी जेसीबी किती वाजता, हे भट्टीवाला विचारत असावा. कैलास त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिला. फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता, ते जिवलीपर्यंत ऐकू येत होतं. तिने बघितलं नाही. मूठ भरली, पुढचं पाऊल टाकलं, मूठ उघडली.

पेरलेल्या रानात त्या पाड्यावर चपला घालून जात नाहीत. पडीकात, नाहीतर भट्टीला दिलेल्या जमिनीत, काहीही घालून जावं. कैलासने फोन खिशात टाकला, वाकला, आणि एक-एक करून दोन्ही चपला बांधावर काढून ठेवल्या. मग आत उतरून तव्यांनी वर काढलेला एक दगड उचलला आणि बांधाकडे फेकला.

"त्या कोपऱ्यातले पन उचल," जिवली म्हणाली. "मोठे हायत तिथं."